पर्यावरण व्यवस्थापनाचा क्षेत्र-अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी पर्यावरणशास्त्र असो, पर्यावरण व्यवस्थापनाची पदविका असो की पदवीचा फील्ड प्रोजेक्ट, सत्र सुरू झालं की तेच प्रश्न नव्याने येतात आणि बहुतेक रात्री अकरानंतर व्हॉट्सअॅपवर येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बरीचशी पुणे आणि आसपासची आहेत, कारण मी मुलांना तिथेच जास्त नेतो. पालकांचे प्रश्नही शेवटाकडे घेतले आहेत.

क्षेत्र-अभ्यास म्हणजे नेमकं काय? सहल की प्रॅक्टिकल?

प्रयोगशाळेत नमुना तुमच्यासमोर बाटलीत येतो. तो कुठून आला, तिथूनच का घेतला, दहा पावलं पुढचा का नाही, हे कुणी विचारत नाही. फील्डवर हे सगळं तुम्हाला ठरवावं लागतं आणि गुण त्यालाच असतात.

त्यात आपला विषय 'व्यवस्थापन' आहे. मुठेच्या पाण्यात ऑक्सिजन किती, हा रसायनशास्त्राचा प्रश्न झाला. खडकवासल्यातून पाणी कधी आणि किती सोडतात, कोणत्या नाल्यातून शहराचं सांडपाणी नदीत येतं, हेच पाणी मुळा-मुठा होऊन भीमेत आणि पुढे उजनीत जातं तेव्हा तिथला मच्छीमार आणि शेतकरी काय भोगतो, आणि या प्रत्येक टप्प्यावर निर्णय कुणाच्या हातात आहे, इथून व्यवस्थापन सुरू होतं. तुमच्या अभ्यासात मोजमाप आणि निर्णय घेणारा माणूस, दोन्ही दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर काम अर्धं आहे.

हे सक्तीचं का केलं आहे?

१९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षणाबद्दल निर्देश दिले. पुढे यूजीसीने सगळ्या शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार केला आणि त्यातलं शेवटचं प्रकरण फील्डवर्कचं ठेवलं: जवळची नदी, जंगल, गवताळ भाग किंवा टेकडी यांची नोंद, एखाद्या प्रदूषित जागेची पाहणी, आसपासची झाडं-कीटक-पक्षी, तळं-ओढा-डोंगरउतार. कागदावर ही यादी उत्तम आहे. बऱ्याच ठिकाणी तिचं रूपांतर चार फोटो चिकटवलेल्या फाइलमध्ये झालं, हा भाग वेगळा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्टला स्वतंत्र श्रेयांक मिळू लागले आहेत, त्यामुळे फाइलवर भागवणं आता थोडं अवघड झालं आहे. थोडंच.

जागा कशी निवडू? सगळे कास किंवा लोणार म्हणतात.

आधी प्रश्न ठरवा, मग जागा. उलटं केलं की अहवालाची पहिली पाच पानं त्या जागेच्या पर्यटन-माहितीने भरतात.

लोणारचंच घ्या. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या विवरात आहे. पाणी खारट आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा देशभर फोटो फिरले. पाणी आटून क्षारता वाढली, मिठात वाढणारे हॅलोआर्किया सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसलं, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या वेळी घेतलेल्या नमुन्यांवरून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आता तुम्ही एक दिवस तिथे जाऊन काय अभ्यासणार? पाणी हिरवट असेल, पीएच पट्टी गडद रंगाची होईल, फोटो छान येतील. एका भेटीत बदल दिसत नाही, आणि व्यवस्थापनाचा प्रश्न तर नेहमी बदलाबद्दलच असतो.

कासचं थोडं वेगळं आहे. तिथे फुलांवर प्रबंध लिहिणारे तज्ज्ञ आहेत, तुम्ही फुलांच्या मागे लागू नका. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे, आणि फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. किती माणसं येतात, कुठे उतरतात, पायवाट सोडून किती जण आत जातात, प्रवेश शुल्काचा हिशोब स्थानिक समित्या कसा ठेवतात, हे मोजता येतं आणि ते आपल्या विषयाचं आहे.

माझा कल विचाराल तर घराजवळचा ओढा घ्या. बावधन-पाषाणकडची रामनदी, नाहीतर तुमच्या तालुक्याच्या गावाबाहेर जिथे गटार ओढ्याला मिळतं ती जागा. तिथे तीनदा जाता येतं. सकाळी जाता येतं, पाऊस पडून गेल्यावर जाता येतं, राहिलेली नोंद घ्यायला परत जाता येतं. जिथे दुसऱ्यांदा जाणं परवडत नाही, तिथला अभ्यास बहुधा वर्णनावरच थांबतो.

कोणत्या महिन्यात जावं?

नदीसाठी एकदा मे, एकदा ऑगस्ट, एकदा जानेवारी मिळालं तर सोन्याहून पिवळं. एकच मिळत असेल तर कोणता ऋतू होता ते अहवालाच्या शीर्षकातच लिहा.

जाता जाता एक गोष्ट. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांचं पर्यावरणीय आघात मूल्यांकन होतं. त्यातल्या बऱ्याच अहवालांत मूळ स्थितीची नोंद एकाच हंगामाची असते आणि तो हंगाम पावसाळ्याबाहेरचा असतो. म्हणजे सह्याद्रीच्या एखाद्या सड्यावर (खडकाळ पठारावर) मार्चमध्ये जाऊन 'वनस्पती विरळ' असं लिहिणं नियमात बसतं. तोच सडा ऑगस्टमध्ये पाहिलेल्या माणसाला हसू येईल. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असे अहवाल मिळतात. एखादा उघडून फक्त तारखा तपासा, हाही एक छोटा अभ्यास होतो.

परवानगी लागते का? कुणाची?

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी जायचं तर वनविभागाची, आणि ती लेखी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याची स्वतंत्र तरतूद आहे. पर्यटक म्हणून तिकीट काढून आत शिरायचं आणि नमुने पिशवीत घालायचे, हे चालत नाही. फूल, पान, शंख, दगड काहीही उचलू नका, फोटो घ्या. अर्ज किमान महिनाभर आधी द्या. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी, नेमकी जागा आणि काय करणार याचं एक पान, एवढं पुरतं.

गावात जायचं तर सरपंच आणि ग्रामसेवकांना आधी फोन करा. ज्या गावांत ग्रामसभा जागी आहे तिथे तेवढ्यानेही भागत नाही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे त्यातलं ठळक नाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं, निर्णय सर्वसहमतीने घेणारं आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क देशात सगळ्यात आधी मिळवणाऱ्यांपैकी एक. अशा ठिकाणी तुम्ही कशासाठी आलात आणि त्यातून गावाला काय मिळणार, हे तुम्हालाच विचारलं जाईल. उत्तर तयार ठेवा.

सार्वजनिक पुलावरून नदीचा नमुना घ्यायला सहसा कुणी अडवत नाही. कारखान्याचं सांडपाणी बाहेर पडतं तिथे उभं राहिलात तर अडवतील. ओळखपत्र आणि पत्र जवळ असू द्या, हुज्जत घालू नका.

नदीच्या पाण्याचा नमुना नेमका कसा घ्यायचा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग, म्हणून सविस्तर.

जागा: किमान तीन. शहराच्या वर, शहरात आणि शहराच्या खाली. मुठेसाठी खडकवासल्याच्या खाली, मग विठ्ठलवाडी किंवा म्हात्रे पूल, मग संगम आणि बंडगार्डन. जमलं तर थेऊर. काठावरचं साचलेलं पाणी घेऊ नका, वाहत्या मधल्या धारेतलं घ्या. पुलावरून दोरीला बादली बांधून घेता येतं, मात्र बादली त्याच पाण्याने आधी दोनतीनदा विसळा. नाला जिथे नदीला मिळतो त्याच्या अगदी तोंडाशी घेतलेला नमुना नाल्याचा असतो, नदीचा नाही. नदीचा हवा असेल तर पाणी मिसळेपर्यंत खाली चालत जा.

विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, जागेवरच 'फिक्स' करायचा, म्हणजे रसायन घालून तिथेच बांधून ठेवायचा. ३०० मिलिलिटरची काचेची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन) पाण्यात तिरकी धरून हळू भरा, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून आधी मँगनस सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड-अॅझाइड घाला, बूच लावा, बाटली उलटसुलट करा. आता थांबून बघा. खडकवासल्याजवळच्या पाण्यात दाट तपकिरी गाळ तयार होतो आणि हळूहळू खाली बसू लागतो. नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत तोच गाळ पांढरा राहतो. पांढरा म्हणजे त्या पाण्यात मासा जगेल एवढाही ऑक्सिजन नाही. टायट्रेशन नंतर होत राहील, पण गाळाचे हे दोन रंग शेजारी शेजारी ठेवून पाहिलेला विद्यार्थी डीओची व्याख्या पाठ करत बसत नाही. गाळ बसला की सल्फ्युरिक आम्ल घालायचं. हातमोजे आणि चष्मा हवेतच, आणि हे काम हलत्या जीपमध्ये करायचं नाही.

बीओडीचा नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. आपल्याकडे तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. जुन्या परदेशी पुस्तकांत २० अंश आणि पाच दिवस असतं, दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका. कोलिफॉर्मसाठी (मैलापाण्याची खूण असणाऱ्या जिवाणूंसाठी) निर्जंतुक बाटली हवी आणि ती विसळायची नाही. धातू तपासायचे तर नायट्रिक आम्ल घालून ठेवा.

पावसाळ्यात नदीत उतरण्याआधी धरणातून विसर्ग किती आहे ते पाहा. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पुण्यातला नदीपात्रालगतचा भिडे पूल बघता बघता पाण्याखाली जातो. कोरड्या पात्रात उभं राहून नोंदी घेणाऱ्यांना पाणी आवाज देऊन येत नाही.

आकडे कशाशी ताडून पाहायचे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग ठरवले आहेत. निर्जंतुक करून पिण्याजोग्या 'अ' वर्गाला डीओ लिटरमागे किमान ६ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त २. उघड्यावर आंघोळीच्या 'ब' वर्गाला ५ आणि ३. मासे आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गाला डीओ ४. सिंचनाच्या 'इ' वर्गात डीओ पाहतच नाहीत, विद्युतवाहकता पाहतात. तुमचा नमुना 'ड' मध्येही बसत नसेल आणि शंभर पावलांवर म्हशी धुतल्या जात असतील, तर तुम्हाला अहवालाचा विषय मिळाला.

माझे आकडे पुस्तकापेक्षा भलतेच आले. पुन्हा करू की बदलू?

बदलायचं तर मुळीच नाही. आधी घड्याळ पाहा.

दरवर्षी कुणीतरी घाबरून सांगतं की घाण दिसणाऱ्या तळ्यात डीओ १२ आला, मीटर बिघडलं असेल. पुण्याच्या उंचीवर २५ अंशांच्या संपृक्त पाण्यात साधारण साडेसात ते आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, त्यामुळे १२ अशक्य वाटतो. पण नमुना दुपारी तीनला घेतला असेल आणि पाणी शेवाळाने हिरवंगार असेल तर तो खरा असू शकतो. ऊन असेपर्यंत शेवाळ ऑक्सिजन सोडत राहतं, पाणी अतिसंपृक्त होतं. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं आणि पहाटे डीओ तळाला जातो. मासे मेलेले दिसतात ते सकाळी, ते यामुळेच. जलपर्णीचं उलटं आहे. ती वरून झाकण घालते, खाली उजेड जात नाही, आणि दुपारीसुद्धा डीओ कमीच राहतो.

म्हणून 'डीओ १२' हे विधान अपुरं आहे. 'दुपारी ३.१०, स्वच्छ ऊन, पाणी २९ अंश, गडद हिरवं, डीओ १२' हे पूर्ण आहे. जमलं तर पहाटे पुन्हा जाऊन तिथेच मोजा. त्या दोन आकड्यांवर पंधरा पानांचा अहवाल उभा राहतो.

नोंदवहीत काय लिहायचं?

वही पुठ्ठ्याची, पेन्सिल शिसाची, कारण शाईचं पेन पावसात वाहून जातं. मोबाइलवर नोंदी घेणाऱ्यांनी त्या रात्री वहीत उतरवाव्यात. नमुन्यादाखल एक काल्पनिक नोंद देतो:

'ठिकाण ३, नाला मिळतो तिथून सुमारे १५० मीटर खाली, डावा काठ. सकाळी ७.४०. ढगाळ, काल रात्री पाऊस. पाणी २४ अंश, राखाडी, फेस आहे, साबणासारखा वास. प्रवाह संथ, पाण्यावर टाकलेलं वाळकं पान १० मीटर जायला ४० सेकंद. डाव्या काठाला जाळ्या टाकलेले दोघे, म्हणतात फक्त चिलापी मिळते, मरळ दिसत नाही. वरच्या अंगाला पोकलेन सुरू.'

शेवटची दोन वाक्यं पाठ्यपुस्तकात नसतात, पण पुढे आकडा विचित्र आला तर स्पष्टीकरण बहुधा त्यांतच सापडतं. खाडाखोड असू द्या. स्वच्छ, एकाच बैठकीत लिहिलेली वही पाहिली की परीक्षकाच्या भुवया वर जातात.

मीटर, किट काहीच नाही. मग?

थर्मामीटर, मोजपट्टी, पीएच पट्ट्या आणि घरी केलेली सेकी तबकडी: २० सेंटिमीटरचं पत्र्याचं वर्तुळ, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्या रंगवलेल्या, मध्ये दोरी. दिसेनाशी होते ती खोली नोंदवा. गढूळपणाचा चांगला अंदाज येतो.

गावात लोकांशी बोलायचं कसं? ते नीट उत्तरं देत नाहीत.

छापील प्रश्नावली समोर धरून 'तुमच्या परिसरात जलप्रदूषणाची समस्या आहे का?' असं विचारलं तर कुणीही 'हाये ना' म्हणेल आणि विषय संपेल. 'या ओढ्यात पोरं पोहायची कधी बंद झाली?' असं विचारा. लग्न, दुष्काळ, निवडणूक असं काहीतरी सांगून माणूस वर्ष बरोबर लावून देतो. ७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत, त्यांच्याजवळ बसा.

विहिरींची नोंद घेताना तर फार सांभाळा. शेतकरी म्हणतो, 'मोटर दोन तास चालती.' तुम्ही लिहिता: पाणी कमी. पण मोटर दोन तास चालते ती पाणी संपतं म्हणून, की थ्री फेज लाइट तेवढीच मिळते म्हणून? पुढचा प्रश्न हाच हवा. तो म्हणतो, विहीर आठ परस. परस हे खोलीचं माप गावोगाव थोडं वेगळं असतं, त्यामुळे टेप सोडून स्वतः मोजा. कठड्यापासून मोजलं तर कठड्याची उंची वजा करा. मोटर नुकतीच बंद केली असेल तर पातळी अजून वर यायची आहे, बंद करून किती वेळ झाला ते विचारून लिहा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा आहे, पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये असतं. बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, असं दिसलं तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका.

बायकांशी बोलायला मुलींनी जावं, आणि स्वयंपाकाची वेळ टाळून. पाणी आणायला किती वेळ लागतो हे घरातल्या पुरुषाला विचारून लिहिलेला आकडा मी मानत नाही. काकू, मावशी, दादा, अण्णा म्हणा. 'उत्तरदाता क्रमांक १४' हा शब्द अहवालापुरता ठेवा. नाव, फोटो, जमिनीचा आकडा विचारून आणि सांगून घ्या. कर्ज आणि जात विषयाला लागत नसेल तर विचारूच नका. चहा आला तर घ्या.

हिवरेबाजारला नेता का?

नेतो, पण एका अटीवर. आधी गाव थोडक्यात सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे पर्जन्यछायेतलं गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान या पंचसूत्रीवर काम उभं राहिलं, डोंगरावर समतल चर खणले गेले. खरी शिकण्यासारखी गोष्ट मात्र चरांमध्ये नाही. गाव दरवर्षी पावसाची आणि विहिरींची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरवतं. सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखं पाणीखाऊ पीक घ्यायचं नाही, हे नियम पाळले जातात. पाणी अडवलेली गावं पुष्कळ आहेत. अडवलेल्या पाण्याचा उपसा आवरून धरणारी फार थोडी.

अट अशी की त्याच दिवशी जवळच्या दुसऱ्या एखाद्या गावातही तेवढाच वेळ द्यायचा. पाऊस तोच, खडक तोच, मग फरक कुठे पडला? एकट्या आदर्श गावाचा अहवाल कौतुकपर निबंध होतो. शिवाय रोज येणाऱ्या पाहुण्यांना तीच माहिती सांगून तिथल्या लोकांचंही एक भाषण तयार झालेलं असतं. ते ऐका, मग बाजूला होऊन शेतावर काम करणाऱ्या एखाद्याला गाठा.

ठाण्याच्या खाडीत कांदळवनाचा अभ्यास करायचा आहे.

भरतीचं वेळापत्रक आधी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सोमवारची वेळ गुरुवारी चालत नाही. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचे तर ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा. पावसाळ्यात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तेव्हा खाडीकाठी थांबू नका. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, काम सोपं जातं. आत शिरायला वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी हवी.

तिवराचं पान उलटं करून भिंग लावा, मिठाचे कण दिसतील. जिभेला लावून पाहिलं तरी चालेल. भोवतीच्या चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळं वर आलेली असतात. एक चौरस मीटरची चौकट टाकून ती मोजा, आणि भराव किंवा राडारोडा पडलेल्या बाजूला तशीच चौकट टाका. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडीवर बंदी आणि भोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टा असा आदेश दिला. तो पट्टा जागेवर टेपने मोजून पाहणं हा एका दिवसात होणारा, चोख व्यवस्थापनाचा अभ्यास आहे. कोळीवाड्यातल्या माणसाला सोबत घेतलंत तर चिखल कुठे कमरेपर्यंत आहे तेही कळेल.

कचऱ्यावर करू का? घरचे नको म्हणतात.

जरूर करा. नमुन्यासाठी ताजा ढीग चांगला मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, हाताळता येईल एवढा होईपर्यंत. मग वेगळं करून वजन. जाड हातमोजे, मास्क, बूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे, आणि त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. त्या बायका प्लास्टिकचे प्रकार हाताने चुरगाळून, आवाजावरून ओळखतात. प्लास्टिकवर छापलेले तुमचे १ ते ७ आकड्यांचे सांकेतिक त्रिकोण त्यांना लागत नाहीत. वर्गीकरण त्यांच्याकडून शिका, आणि त्यांचा वेळ जातो त्याचे पैसे द्या. भंगाराच्या दुकानात भाव विचारलात तर कोणता कचरा उचलला जातो आणि कोणता पडून राहतो याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

मुलगी आहे, मुक्कामी पाठवणं सुरक्षित आहे का? (पालकांकडून)

महिला शिक्षिका सोबत असल्याशिवाय मुक्काम होत नाही. राहण्याची जागा आधी पाहून घेतलेली असते, शौचालयासह. कामाला कुणीही एकटं जात नाही, अंधार पडण्याआधी सगळे परत. पाळी आली तर सांगायला संकोच नको, त्या दिवशी बसून करायचं काम असतंच. दमा, फिट्स, अॅलर्जी असेल तर अर्जात लपवू नका. दरवेळी कुणीतरी लपवतंच, आणि जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र वीस किलोमीटरवर असतं.

साप, जळवा, ऊन?

पायात घोट्याच्या वरपर्यंत बूट, हातात काठी, दगड उलटायला हात घालायचा नाही. कोकणात फुरसं जांभ्या दगडांच्या सांदीत इतकं मिसळून जातं की दिसतच नाही. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. चावलेल्याला हातपाय हलवू न देता १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय. जळवांना मीठ. मराठवाडा-विदर्भात एप्रिलनंतर सकाळी दहाच्या आत काम आटोपायचं.

खर्च किती येतो?

जवळचा ओढा घेतलात तर बसभाडं आणि रसायनं. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे आमच्या गटांत हिशोब मुलींकडे असतो आणि तिकिटंही त्याच काढतात. चिडवाचिडवी होते.

सरकारी आकडेवारी मिळेल का?

प्रदूषण मंडळाची पाण्या-हवेची बरीच आकडेवारी संकेतस्थळावर असते, पावसाची महसूल मंडळनिहाय मिळते, भूजलाची भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे. नकाशासाठी इस्रोचं भुवन पोर्टल आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे पट. नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवस धरून चला. म्हणजे सत्राच्या सुरुवातीलाच.

एआयने अहवाल लिहून घेतला तर चालेल?

भाषा तपासून घ्या. निरीक्षण मात्र त्याच्याकडे नाही, कारण ते ओढ्यावर गेलं नव्हतं. असे अहवाल ओळखू येतात: सगळ्या नद्या 'जीवनदायिनी' असतात आणि एकाही नमुन्याला वेळ नसते.

अहवाल झाल्यावर पुढे काय?

एक प्रत विभागात. दुसरी, दोन पानांची, मराठीत, तक्ता आणि हाताने काढलेल्या नकाशासह ज्या गावाने किंवा वस्तीने वेळ दिला त्यांना. ग्रामपंचायतीत ग्रामसभेआधी पोचली तर उत्तम. कुणाच्या विहिरीचं पाणी वाईट निघालं असेल तर ते आधी त्या घरी जाऊन सांगा, चावडीवर नको. शहरातला नाला असेल तर प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच अहवालाला जोडली की त्याचे वेगळे गुण आमच्याकडे आहेत.

व्हायवाला काय विचारतात?

वही मागतात, मधलंच एखादं पान उघडतात आणि विचारतात की इथे उभं राहिल्यावर डाव्या हाताला काय होतं.